बसून राहणाऱ्या यंत्रांची गोष्ट

वसईची खाडी आपण रोज लोकलनं ओलांडतो. पण ही खाडी टेलिफोनच्या नकाशावरचीही सीमा आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. खाडीच्या दक्षिणेला भाईंदर. तिथला लँडलाइनचा कोड ०२२, म्हणजे मुंबईचाच. उत्तरेला नायगाव, तिथून आमचा ०२५० सुरू होतो. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम स्थापन झालं आणि मुंबईचे फोन त्याच्याकडे गेले. वसई-विरार मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिलं आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमकडे आलं. त्यामुळं वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत कारखाना आणि फोर्ट किंवा अंधेरीला हेड ऑफिस अशी ज्यांची विभागणी होती, त्यांचा दिवसातला प्रत्येक फोन परगावचा ठरायचा. मधली काही वर्षं ९५ लावून मुंबई जवळ आली. तेव्हाच्या व्हिजिटिंग कार्डांवर ‘९५२५०’ छापलेलं असायचं. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर ते अजून कुठंकुठं दिसतं.

मी याच गाळ्यांमध्ये वीसेक वर्षं ईपीएबीएक्स बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम केलं. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज. बाहेरून येणाऱ्या चार-आठ लाइनी आणि आतले वीस-पन्नास एक्स्टेन्शन यांची जुळवाजुळव करणारी भिंतीवरची पेटी. माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असायची: राखीव पॉवर सप्लाय कार्ड. आणि मालक मंडळी पेनानं नेमकी तीच ओळ खोडायची. एका शेठनी तर सरळ विचारलं, “एक कार्ड चालतंय ना? मग दुसरं काय करणार?” मी म्हटलं, “काही नाही, बसून राहणार.” “मग बसून राहण्याचे पैसे मी का देऊ?”

प्रश्न रास्त होता. इंग्रजीत अशा जोडीच्या यंत्राला ‘रिडंडंट’ म्हणतात आणि त्या शब्दाचा शब्दकोशातला पहिला अर्थ ‘अनावश्यक’ असाच निघतो. आपला ‘राखीव’ हा शब्द मला अधिक बरा वाटतो, कारण त्यात राखण्याची क्रिया आहे. शेठजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर टेलिफोनच्या इतिहासात थोडं मागं जावं लागतं.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते १८८२ मध्ये. तेव्हा सगळं हातानं चालायचं. बोर्डापुढं ऑपरेटर बसलेला, समोर दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या कॉर्ड. एक कॉर्ड तुटली तर तो शेजारची उचलायचा. एक ऑपरेटर आजारी पडला तर शेजारचा थोडं अधिक वाकायचा. राखीव व्यवस्था माणसांच्या रूपातच होती, तिला वेगळं नाव द्यायची गरज नव्हती.

मग स्वयंचलित एक्स्चेंज आलं. त्याचा जनक अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटरबाई परस्पर दुसऱ्याकडं वळवतात असा त्याला संशय आला आणि त्यानं ऑपरेटरच काढून टाकणारं यंत्र शोधलं, अशी कथा सांगतात. पेटंट मिळालं १८९१ मध्ये. आपल्याकडं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला बसलं, १९१३-१४ मध्ये, आणि नंतर अनेक शहरांत हीच पद्धत कित्येक दशकं चालली. तुम्ही डायल फिरवलीत की एक्स्चेंजमधला एक दांडा तेवढे टप्पे वर चढायचा, मग आडवा फिरायचा. मोठ्या एक्स्चेंजमध्ये भर दुपारी शिरलं की शेकडो दांड्यांची ही खडखड कानात भरायची.

या यंत्राला मेंदू नव्हता. प्रत्येक संभाषणासाठी स्विचांची वेगळी साखळी जुळायची आणि बोलणं संपलं की सुटायची. एखादा स्विच बिघडला तर एक कॉल वाया जायचा. माणूस चरफडत पुन्हा नंबर फिरवायचा, त्याला दुसरा स्विच मिळायचा आणि फोन लागायचा. ‘राँग नंबर’ आणि ‘पुन्हा फिरवा’ यांची आपल्याला जी सवय लागली, तिच्यामागं हे होतं. एक्स्चेंज रोज थोडं थोडं बिघडलेलं असायचं, पण सगळं एकदम सहसा बंद पडायचं नाही.

सगळ्यांना सामाईक अशी एक महत्त्वाची गोष्ट तिथं होती, ती म्हणजे वीज. आणि तिची काळजी ज्या पद्धतीनं घेतलेली असे, ती आजही शिकण्यासारखी आहे. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटरी रूम असायची. आत पाऊल टाकलं की ॲसिडचा वास नाकात जायचा. दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढं एक जोडलेले, म्हणजे ४८ व्होल्ट. आपल्या इन्व्हर्टरसारखी ही बॅटरी दिवे गेल्यावर ‘चालू’ होत नाही. ती कायमच जोडलेली असते. बाहेरची वीज असेल तेव्हा चार्जर तिला भरत राहतो आणि एक्स्चेंजचा भारही उचलतो. वीज गेली तर काहीही बदलावं लागत नाही. ना स्विच पडत, ना क्षणाची खोट. अशा बॅटऱ्यांचे दोन संच, एक दुरुस्तीला काढला तर दुसरा भार सांभाळेल म्हणून. बॅटरी उतरायला लागली तर डिझेल इंजिन. आणि याच ४८ व्होल्टांवर, त्याच तांब्याच्या जोडीतून, तुमच्या घरातला फोनही चालायचा. वसईत दिवे जायचे, घरात मेणबत्तीची शोधाशोध सुरू असायची आणि तेवढ्यात काळा फोन खणखणायचा. ‘दिवे गेले का हो तुमच्याकडंपण?’ असं विचारायला शेजारच्या आळीतून कुणीतरी केलेला! आपण ते गृहीत धरलं होतं. पण त्या एका खणखणाटामागं चोवीस सेलांचे दोन संच आणि एक इंजिन बसून असायचं.

पुढं दोन गोष्टी झाल्या आणि हे चित्र पालटलं. एक म्हणजे तारा कमी आणि बोलणी जास्त झाली. १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांमध्ये देशातली पहिली पीसीएम यंत्रणा सुरू झाली. आवाजाचे आकडे करून ते पाठवण्याच्या या तंत्रात तांब्याच्या दोन जोड्यांवरून तीस संभाषणं एका वेळी जातात. खर्च वाचला हे खरं, पण पूर्वी जोडी तुटली की एक माणूस गप्प व्हायचा, आता तीस. दुसरं म्हणजे एक्स्चेंजला मेंदू आला. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात, सकासुना नावाच्या गावी, बेल कंपनीनं संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारं मोठं एक्स्चेंज सुरू केलं. हजारो फोनचा विचार एकच यंत्र करणार. ते अडलं की गाव मुकं.

बेलच्या इंजिनिअरांनी स्वतःला घालून घेतलेली अट ऐकण्यासारखी आहे: चाळीस वर्षांत एकूण बंद काळ दोन तासांपेक्षा जास्त नको. म्हणजे वर्षाला तीन मिनिटं. एवढा भरवशाचा एक संगणक तेव्हा कुणाला बनवता येत नव्हता. म्हणून त्यांनी दोन बसवले. दोघं एकच काम एकाच वेळी करायचे आणि उत्तरं ताडून पाहायचे. उत्तरात फरक पडला की चुकणारा कोण हे शोधून त्याला बाजूला काढायचं, दुसऱ्यानं काम पुढं न्यायचं. बोलणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

यामागचं गणित अगदी सोपं आहे. समजा, एक यंत्र शंभरातला एक भाग वेळ बंद असतं. वर्षाचे साडेतीन दिवसांहून थोडे जास्त. धंदेवाला असं यंत्र फेकून देईल. आता तसंच, तितकंच वाईट दुसरं यंत्र शेजारी ठेवा. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाची शंभरातली एक, म्हणजे दहा हजारात एक. साडेतीन दिवसांचे झाले त्रेपन्न मिनिटं. दोन सामान्य यंत्रं मिळून एका असामान्य यंत्राचं काम करतात. शेठजींना मी हे कागदावर मांडून दाखवायचो तेव्हा त्यांना ते पटायचं, कारण त्यात पैशांची भाषा होती.

आपल्याकडं १९८३ मध्ये मुंबईला ट्रंक कॉलसाठी अशा आज्ञावलीवर चालणारं पहिलं एक्स्चेंज बसलं. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. परदेशी एक्स्चेंजांना वातानुकूलित खोली लागायची. हे उकाड्यात आणि धुळीत चालायचं. वातानुकूलन लागतच नसेल, तर ते बिघडण्याचा प्रश्नच उरत नाही. राखीव यंत्राइतकाच हाही एक शहाणपणाचा मार्ग आहे, पण त्याचं कौतुक कमी झालं. सी-डॉटच्या मोठ्या एक्स्चेंजांमध्ये महत्त्वाच्या भागांच्या दोन-दोन प्रती असतात. त्यांना नावंही साधी, ‘कॉपी शून्य’ आणि ‘कॉपी एक’. एक राबते, दुसरी तयारीत असते. चांगला कर्मचारी ठरावीक काळानं दोघींची मुद्दाम अदलाबदल करतो. नाहीतर बसून राहिलेली प्रत कधी मेली हे कळतच नाही.

आता मघाच्या गणितात एक अट दडलेली होती, ती सांगतो. दोन यंत्रांची दुखणी एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. इथंच शहाणेसुरते फसले.

८ मे १९८८, रविवार. शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातल्या एक्स्चेंजला आग लागली. सुमारे ३५ हजार फोन बंद पडले, विमानतळांची वाहतूक विस्कळित झाली, सगळं पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. आत जोडीची यंत्रं नव्हती असं नाही, पण ती एकाच छपराखाली होती. दीड-पावणेदोन वर्षांनी, १५ जानेवारी १९९० रोजी, अमेरिकेच्याच एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं जाळं नऊ तास कोलमडलं. तिथं छप्पर एक नव्हतं. ११४ एक्स्चेंजं देशभर पसरलेली होती. पण सगळ्यांत आज्ञावली एकच होती आणि तिच्यात एक चूक होती. एक एक्स्चेंज पडून सावरलं की ते शेजाऱ्यांना ‘मी ठीक आहे’ असा निरोप पाठवायचं. तो निरोप ऐकून शेजारी कोसळायचा. सावरल्यावर तोही तोच निरोप पाठवायचा. बरं झाल्याची बातमीच साथ पसरवत होती! जुळ्या भावाला जुळ्याचा पर्याय म्हणून ठेवलं तर दोघांनाही एकच आजार होणार.

आणि ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या तेव्हा त्याचा फटका थेट मुंबईला बसला. दोन वेगळ्या यंत्रणांच्या केबल, पण समुद्रातला रस्ता जवळपास एकच. ज्या कंपन्यांनी दोघांकडूनही सेवा घेऊन ‘आपली सोय झाली’ म्हटलं होतं, त्यांचंही काम अडलं.

इतक्या लांब कशाला जायचं? महामार्गावर घोडबंदरजवळ आपल्याच खाडीवर वर्सोवा पूल आहे. (अंधेरीच्या वर्सोव्याशी त्याचा संबंध नाही, नावाचाच काय तो घोटाळा.) तिथं एक जुना आणि एक नवा असे दोन पूल होते. २०१३ च्या अखेरीस जुन्याच्या गर्डरला तडा गेला, २०१६ मध्ये पुन्हा दुरुस्ती निघाली. दुसरा पूल होता म्हणून गुजरातचा रस्ता तुटला नाही. पण दोन पुलांचा भार एकावर आला आणि वाहनांच्या रांगा मैलोगणती गेल्या. २०२३ मध्ये तिसरा पूल सुरू होईपर्यंत ही धास्ती होती. टेलिफोनवाले नेमकं हेच सांगतात. दोघं मिळून भार वाहत असतील आणि दोघंही दमलेले असतील, तर त्यांतला कुणीच राखीव नसतो. म्हणून एक्स्चेंजमध्ये चार चार्जर पुरत असतील तर पाच बसवतात आणि पाचही थोड्या कमी भारावर चालवतात.

आता पुन्हा वालीवच्या गाळ्यात येऊ. ईपीएबीएक्समध्ये एक साधी सोय असते: पॉवर फेल्युअर ट्रान्सफर. पेटीची वीज पूर्ण गेली की आतला रिले सुटतो आणि बाहेरची एक लाइन पेटीला वगळून थेट एका ठरलेल्या फोनला जोडली जाते. याची खुबी अशी की त्याला चालायला वीज लागत नाही. वीज जाणं हीच त्याची चालू होण्याची खूण. हा फोन मी शक्यतो वॉचमनच्या केबिनमध्ये लावायचो, कारण रात्री तिथं माणूस असतो. एका कारखान्याच्या मॅनेजरना ते अजिबात रुचलं नव्हतं. वॉचमन गावाला फोन करील, ही त्यांची भीती. बरीच घासाघीस करून तो फोन राहिला.

१९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीला त्या कारखान्यात एका पोराचा हात प्रेसमध्ये सापडला आणि त्याच गडबडीत गाळ्याची वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली होती, ती कुणी तपासली नव्हती. ऑफिसमधले सगळे फोन मुके. मोबाइल तेव्हा असल्या गाळ्यांत कुणाकडं नसायचा. वॉचमनच्या केबिनमधल्या धुळकट फोनवर मात्र टोन होता. त्यानं दवाखान्याला आणि मालकांच्या घरी फोन केला, गाडी आली. पोराची दोन बोटं गेली, हात वाचला. मॅनेजर पुढं मला भेटले तेव्हा त्या फोनबद्दल काही बोलले नाहीत. फक्त नव्या गाळ्याच्या कोटेशनमधली राखीव कार्डाची ओळ त्यांनी खोडली नाही.

याच्या उलट गोष्ट दुसऱ्या एका वसाहतीतली. त्या मालकांनी हौसेनं सहा लाइनी घेतल्या होत्या, हंटिंगवर. म्हणजे गिऱ्हाइकानं एकच नंबर फिरवायचा. पहिली लाइन व्यस्त असेल तर कॉल आपोआप दुसरीवर, तिसरीवर जातो. सहा लाइनी असल्यानं ते निर्धास्त होते. पण सहाही जोड्या एकाच केबलमधून, एकाच चरातून आलेल्या. गटारासाठी खोदणाऱ्या जेसीबीनं एका घासात सहाही तोडल्या. नऊ दिवस कारखान्याचा माणूस सायकलवरून नाक्यावरच्या पीसीओत जाऊन ऑर्डरी घेत होता. सहा लाइनी ही त्यांची क्षमता होती, सुरक्षितता नव्हती. हा फरक मी त्यांना आधी सांगितला होता, पण कोटेशन स्वीकारताना माणसं आकडे मोजतात, चर मोजत नाहीत.

आणि राखीव यंत्र दुरुस्तीला काढलेलं असतं तेव्हा काय? त्याचं मोठं उदाहरण १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईकरांनी भोगलं. कळवा-पडघे दरम्यानच्या चारशे केव्हीच्या दोन वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती, भार दुसरीवर होता, आणि सकाळी दहाच्या सुमारास दुसरीत बिघाड झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात. लोकल जागच्या जागी. कागदावर वाहिन्या दोन होत्या. त्या सकाळी एकच होती.

त्याआधी जुलै २०१८ मध्ये आमच्याकडं पाऊस झाला तो आठवत असेल. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार दरम्यान गाड्या बंद, मिठागरांत माणसं अडकली आणि बऱ्याच भागांत वीज नव्हती. तोवर लँडलाइन घरोघरी उतरली होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल, पण टॉवरची बॅटरी काही तास पुरते, त्यापुढं डिझेल लागतं, आणि डिझेल पोचवायला रस्ता लागतो. हातातल्या फोनची बॅटरी तर त्याहून आधी संपते. कित्येक दशकं जी वीज एक्स्चेंज सांभाळत होतं, ती सांभाळायची जबाबदारी कुणीही न सांगता आपल्या घरावर येऊन पडली आहे. फायबरच्या फोनचंही तेच. काचेच्या तंतूतून उजेड येतो, ४८ व्होल्ट येत नाहीत. घरातला छोटा डबा बंद पडला की फोन बंद. त्या डब्याला हजार-दोन हजारांचा छोटा यूपीएस लावला तर काही तास निघतात, पण अजून माझ्या पाहण्यातल्या दहा घरांपैकी एका-दोघांतच तो दिसतो.

कारखान्यांमधून आता भिंतीवरच्या पेट्याही जात चालल्या आहेत. फोन इंटरनेटवरून चालतात, एक्स्चेंज दूर कुठंतरी मोठ्या संगणकांवर असतं, आणि तिथं त्याच्या दोन काय, चार-चार प्रती असतात, वेगवेगळ्या शहरांत. ती बाजू मला आता भक्कम वाटते. काळजी आहे ती शेवटच्या दोनशे फुटांची. मी निवृत्त झालोय, तरी जुनी गिऱ्हाइकं सल्ला विचारतात. परवा सातिवलीतले एक उद्योजक अभिमानानं सांगत होते, की त्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलंय. मी त्यांना म्हटलं, जरा बाहेर चला. आम्ही दोघं गाळ्याच्या फाटकातून रस्त्यावर आलो आणि केबलींच्या मागं मागं चालत गेलो. दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकाच तारेला बांधून आल्या होत्या, आणि खांब कोपऱ्यावर होता, जिथं कंटेनर वळतात.